बारा तासांचे पैसे किती?

वाळवा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. ते स्वतः साखर कारखान्यात कायम फिटर आहेत. मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा 61 टक्क्यांनी पूर्ण केला, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत लागला आणि बारा तासांच्या पाळीला वैतागून पाच महिन्यांत घरी परतला. त्याला समजावून परत पाठवावं, की कर्ज काढून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला घालावं, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत एक पगारपत्रक जोडलं आहे.

नमस्कार,

61 टक्क्यांची काळजी सोडून द्या, तेवढ्या मार्कांवर कुणाचं काही अडत नाही. मला खटकलं ते तुमचं हे वाक्य: 'आम्ही सीझनला सोळा-सोळा तास काढले, याला बारा जड झाले. ही पिढी कष्टाला भिते.' आणि हे तुम्ही त्याला पाहुण्यांच्या देखतही सुनावता, असं तुम्हीच लिहिलं आहे. ते आधी बंद करा. पोरगा पाच महिने दिवस-रात्र पाळीत उभा होता. कष्टाला भिणारा पहिल्या आठवड्यातच गावची गाडी पकडतो.

तुम्ही सोळा तास काढलेत, खरं आहे. पण ती डबल ड्यूटी हजेरीपटावर चढत होती. आठ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर लागत होता, सरकार, कारखाने आणि युनियन यांच्या त्रिपक्षीय कराराने पगार वाढत होता, आणि काही वाकडं झालं तर युनियनचा माणूस साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसत होता. तुमच्या मुलाच्या बारा तासांना यातलं काय होतं? तुम्ही फक्त तास मोजलेत. त्या तासांना काय मिळालं, तेही पाहू.

तुम्ही पाठवलेल्या पगारपत्रकात बेसिक आणि डीए मिळून 13,000, उपस्थिती भत्ता 2,000 आणि प्रोडक्शन इन्सेन्टिव्ह 4,200 असे एकूण 19,200 आहेत. त्यातून पीएफ 1,560, ईएसआय (कामगार विमा) 144 आणि व्यवसाय कर 200 वजा जाऊन हातात 17,296. 'ओव्हरटाइम' हा रकाना कोरा आहे. महिन्याला 26 दिवस, रोज बारा तास, म्हणजे 312 तास झाले. हातात आलेल्या पैशांना तेवढ्या तासांनी भागलं तर तासाला साधारण 55 रुपये पडतात.

आता कायद्याने काय व्हायला हवं होतं ते बघा. 13,000 हे आठ तासांच्या 26 दिवसांचे, म्हणजे 208 तासांचे, तासाला साडेबासष्ट रुपये. ओव्हरटाइमचा दर त्याच्या दुप्पट, 125 रुपये. रोजचे वरचे चार तास धरले तर महिन्याला 104 तास, त्याचे झाले पुन्हा 13,000. दुप्पट दराने वरच्या चार तासांची मजुरी आठ तासांच्या मजुरीएवढीच भरते, हे तुम्हाला फिटर म्हणून वेगळं सांगायला नको. त्या 13,000 च्या जागी त्याला 'इन्सेन्टिव्ह' या नावाने 4,200 टेकवले. महिन्याला 8,800 कमी, पाच महिन्यांत 44,000. तेही भत्ते न धरता, फक्त बेसिक-डीएवर.

'आता सरकारनेच बारा तास केलेत' असंही तुम्ही म्हणता. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मान्यता दिली, हे बरोबर. पण आठवड्याचे 48 तास तसेच राहिले. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तासांवर जाते, तीही कामगाराची लेखी संमती असेल तर. तुमचा मुलगा आठवड्याला 72 तास आणि तिमाहीला 312 तास ओव्हरटाइम करत होता. हे नव्या नियमात बसत नाही आणि जुन्यात तर नाहीच.

दुसरा एक गैरसमज पत्रात तीनदा आला आहे: 'अजून तीन महिने काढले असते तर 240 दिवस भरून परमनंट झाला असता.' पश्चिम महाराष्ट्रात हे घरोघरी ऐकू येतं, आणि ते अगदी हवेतूनही आलेलं नाही. आपल्या राज्याच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमावलीत, बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत 240 दिवस सलग सेवा केली तर त्याला कायम करावं, अशी तरतूद होती. म्हणूनच कंपन्या टेम्पररी पोरांना सात महिन्यांनी ब्रेक देतात. सात महिन्यांचे दिवस 240 च्या आत राहतात. आणि तुमचा मुलगा कंपनीचा टेम्पररी नव्हताच. त्याचा मालक कागदावर कंत्राटदार होता, त्यामुळे 240 काय आणि 540 काय, कंपनीवर त्याचा आपोआप हक्क तयार होत नव्हता. कंत्राटी पद्धत एखाद्या कामावर बंद केली तरी तिथले कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा निकाल आहे. आज संघटित कारखान्यांतल्या दर पाच कामगारांपैकी साधारण दोन कंत्राटी आहेत. एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या पगारात जो फरक दिसतो तो बहुधा कौशल्याचा नसतो, नेमणूकपत्रावर सही कुणाची आहे याचा असतो.

त्यामुळे परत पाठवू का, याचं उत्तर नाही असं आहे. कर्ज काढून इंजिनिअरिंगचंही तूर्त नाहीच. पाच महिने तो एका स्टेशनवर बोल्ट आवळत होता. त्याला शॉप फ्लोअरचं काम आवडतं की नाही, हे अजून त्यालाच माहीत नाही. तुमच्या रागातून घेतलेल्या ॲडमिशनवर चार लाख घालू नका. रेल्वे आणि केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षा, महानिर्मितीची भरती, जागा निघतील तेव्हा फॉर्म भरावा, पण त्यासाठी दोन वर्षं घरी बसू नये.

माझं मत विचाराल तर त्याने एक वर्षाची रीतसर अप्रेंटिसशिप करावी. केंद्र सरकारच्या 'नॅट्स' पोर्टलवर डिप्लोमाधारकांची नोंदणी होते. वर्ष संपलं की अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं. पैसे कमी आहेत, 2019 च्या नियमांत डिप्लोमाधारकाचं किमान विद्यावेतन महिना 8,000 ठरलं होतं. चांगली कंपनी त्याहून जास्त देते. जागा निवडताना असेंब्ली लाइन टाळून मेंटेनन्स, टूल रूम (जिथे साचे आणि हत्यारं बनतात) किंवा क्वालिटी मागायची. मेंटेनन्सला हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) असं सगळं हाताखालून जातं. लाइनवर वर्षभर एकच हालचाल. टूल रूमकडे कल दिसला तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स बघावेत.

इथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो, त्याला पीएफ नाही आणि कायम करण्याचं बंधनही नाही. पण त्याच कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. करार पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे रुजू होण्याआधी बघायचं. करार नाही आणि 'ट्रेनी' म्हणून बारा तास लाइनवर उभं करतात, तर ती जुनीच नोकरी नवं नाव लावून आली आहे असं समजा.

पुढे कुठल्याही नोकरीत मुलाखतीतच विचारायचं: नेमणूकपत्र कोण देणार, पाळी किती तासांची, ओव्हरटाइम पगारपत्रकात वेगळा दिसतो का. या प्रश्नांवर एचआर चिडला तर उत्तर मिळालंच.

राहिले ते 44,000. ते सोडू नका. पंचिंगच्या नोंदी, पाळी कळवणारे व्हॉट्सॲप मेसेज, बसचे पास, पाचही पगारपत्रकं गोळा करा. 13,000 हा आकडा त्याच्या वर्गवारीच्या किमान वेतनाशीही ताडून पाहा. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. मग कंत्राटदाराला लेखी मागणी आणि तिची प्रत कंपनीला. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दाद नाही लागली तर कामगार खात्याचं पुण्यातलं कार्यालय. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून घाई नाही; मात्र 'फुल अँड फायनल'च्या, म्हणजे सगळा हिशोब मिटला असं मान्य करणाऱ्या, कोऱ्या व्हाउचरवर त्याने सही करायची नाही. हे सगळं आधी तुमच्या युनियनच्या सेक्रेटरीला दाखवा, आणि मुलाला सोबत घेऊन जा.

त्याचा पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) तोच ठेवून पुढच्या नोकरीत रक्कम वळती करता येते. कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी मुलगा पीएफच्या पोर्टलवर ती स्वतः भरू शकतो.