गालिच्याखालची ओल जमिनीतून की हवेतून?

प्रश्न : मिनियापोलिसला आमचं जुनं घर आहे. तळमजल्याची जमीन थेट मातीवर ओतलेल्या काँक्रीटची. हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीलगत गालिचा खालून ओला होतो, कुबट वास येतो. गालिचा काढून लाकडी फ्लोअरिंग बसवायचंय. आधी काँक्रीटला वॉटरप्रूफ रंग मारला तर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. फक्त हिवाळ्यात आणि फक्त भिंतीलगत ओल येते, म्हणजे ती बहुधा खोलीतल्या हवेतली आहे. खोलीत २१ अंश सेल्सिअस आणि ४५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ९ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. काँक्रीटच्या कडेला इन्सुलेशन नसेल तर मिनेसोटाच्या थंडीत ती कड सहज तेवढी गार पडते. गालिचा खोलीची ऊब खाली जाऊ देत नाही, त्यामुळे ती आणखी गारठते. ह्युमिडिफायर चालू असेल तर आजच कमी करा; आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की पाणी धरण्याची मर्यादा ९ वरून ३ अंशांवर येते.

तरी खात्री कराच. १८ इंची चौकोनी प्लास्टिकचे दोन तुकडे, एक भिंतीलगत आणि एक मधोमध, चारही कडांना टेप लावून किमान १६ तास ठेवा. प्लास्टिकच्या वर थेंब आले तर पाणी हवेतलं. खाली थेंब आले किंवा काँक्रीट काळपट झालं तर ओल काँक्रीटमधली. खालची बाजू कोरडी निघाली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. लाकडासाठी जाडीच्या ४० टक्के खोलीवर, म्हणजे ४ इंची काँक्रीटमध्ये १.६ इंचांवर, आर्द्रतेचा प्रोब बसवून २४ तासांनी आकडा घ्या आणि फ्लोअरिंगच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. काँक्रीटमध्ये हीटिंगचे पाइप असतील तर त्यांची जागा कळल्याशिवाय ड्रिल लावू नका.

खरा इलाज कडेचा. उन्हाळ्यात बाहेरून खणून पायाच्या भिंतीला २ इंची एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनचे कडक इन्सुलेशन बोर्ड) लावा, शक्यतो फूटिंगपर्यंत, म्हणजे पायाच्या तळाच्या रुंद काँक्रीटपर्यंत. जमिनीवर राहणारा भाग सिमेंट बोर्डाने झाका. माती बुजवताना घरापासून १० फुटांत ६ इंच उतार द्या.

आतून काँक्रीटच्या जमिनीवर फोम, त्यावर अर्ध्या इंची प्लायचे दोन आडवे-उभे थर, आणि वर इंजिनिअर्ड लाकूड (प्लायवर खऱ्या लाकडाचा थर चिकटवलेल्या फळ्या). फोमचे सांधे टेपने आणि भिंतीलगतची फट सीलंटने बंद करा. इथेच बहुतेक कामं फसतात: फटीतून खोलीची हवा खाली शिरते आणि पाणी पुन्हा तिथेच साचतं. प्लायचे स्क्रू काँक्रीटपर्यंत पोचू देऊ नका. प्रोबचा आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला असेल तर फोमआधी काँक्रीट घासून ओलरोधक इपॉक्सी लावावं लागेल.

फोम मागवण्याआधी दारांची आणि जिन्याच्या पहिल्या पायरीची उंची मोजा. २ इंची फोम घेतला तर जमीन ३ इंचांहून जास्त वर येते.