जीआर खरा की परिपत्रक? : सरपंच, सदस्य आणि नगरसेवकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी खटाव तालुक्यातील एका गावचा सरपंच असून ही माझी पहिलीच मुदत आहे. मागच्या ग्रामसभेला शंभरावर माणसे हजर होती. गावात दोन हजार मतदार असल्याने तीनशे जण हजर नसतील तर सभा बेकायदा ठरते, असा आक्षेप विरोधी गटाने घेतला आणि मोबाइलवर आलेला एक जीआर (शासन निर्णय) वाचून दाखवला. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या कपाटातून निघालेल्या परिपत्रकात वेगळेच लिहिले होते. दोन्हींवर 'महाराष्ट्र शासन' असे छापलेले आहे. मी कोणता कागद खरा धरायचा?

उत्तर : आपली सभा कायदेशीरच होती, हे आधी सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ७ आणि त्याबरोबरचे सभांचे नियम एकत्र वाचले म्हणजे ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते, हे स्पष्ट होते. दोन हजारांचे १५ टक्के तीनशे होतात, हा विरोधकांचा हिशेब बरोबर आहे. परंतु 'यांपैकी जी कमी' हे तीन शब्द त्यांनी वाचलेले दिसत नाहीत. आपल्या गावाला शंभर पुरतात. सहाशे मतदारांच्या वाडीला नव्वद लागतील. गणपूर्ती न झाल्याने तहकूब केलेली सभा पुन्हा भरली, तर तिला गणपूर्तीची अटही राहत नाही.

आता मूळ प्रश्न. कागदांचीही एक उतरंड असते. सर्वांत वर राज्यघटना, म्हणजे आपल्या बाबतीत २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली ७३वी घटनादुरुस्ती आणि तिच्यासोबत आलेली २९ विषयांची अकरावी अनुसूची. तिच्याखाली विधिमंडळाने केलेला अधिनियम. त्याखाली कलम १७६ च्या अधिकारात केलेले आणि राजपत्रात प्रसिद्ध झालेले नियम. त्यानंतर शासन निर्णय, परिपत्रक आणि सर्वांत शेवटी एखाद्या कार्यालयाने पाठवलेले पत्र. खालच्या कागदाला वरच्या कागदात भर घालता येते, त्याची कार्यपद्धती ठरवून देता येते. परंतु अधिनियमाने दिलेले काढून घेता येत नाही आणि न दिलेले बहालही करता येत नाही. त्यामुळे जीआर आणि परिपत्रक यांचे भांडण लागले असता त्या दोघांपैकी एकाची निवड करण्याआधी अधिनियम उघडावा. निम्म्याहून अधिक वाद तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

जीआर हातात आल्यावर तो शेवटाकडून वाचायला सुरुवात करावी. अखेरीस 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' हे शब्द आणि अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. त्याच्या थोडे वर, हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगणाऱ्या वाक्यात अठरा अंकी संकेतांक दिलेला असतो. त्यातील पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्यावी. नंतर पहिल्या पानावरील 'वाचा' या मथळ्याखालची यादी पाहावी, कारण आधीचे कोणते निर्णय विचारात घेतले होते ते तिथे कळते. आणि मजकुरात 'अधिक्रमित करण्यात येत आहे', म्हणजे आधीच्या निर्णयाची जागा हा निर्णय घेत आहे, असे शब्द कुठे आले आहेत का, ते शोधावे. ज्या निर्णयावर आपण विसंबतो, तोच पुढच्या एखाद्या निर्णयाने अधिक्रमित झालेला असू शकतो. मोबाइलवर फिरणाऱ्या जीआरचे पहिले पान नेहमी असते, शेवटचे क्वचितच असते. ज्या प्रतीवर संकेतांक नाही, ती सभेत वाचू देऊ नये.

अधिनियमाची प्रतही जपून निवडावी. राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर अधिनियमांचे मराठी पाठ मिळतात आणि केंद्र सरकारच्या इंडिया कोडवरही शोध घेता येतो. प्रत कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे, ते मुखपृष्ठावर पाहावे आणि कलमाखालच्या बारीक तळटीपा वगळू नयेत, कारण कोणत्या वर्षी कोणते शब्द बदलले ते त्यांतच नोंदलेले असते.

तरीही शंका राहिलीच, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मार्गदर्शन मागवावे आणि पत्राची पोच घ्यावी. 'साहेबांनी फोनवर सांगितले' हे कारण लेखापरीक्षणात चालत नाही. लेखाआक्षेप बहुधा दोन-तीन वर्षांनी येतो. तोवर साहेबांची बदली झालेली असते आणि सही मात्र आपली असते.

प्रश्न : वाळवा तालुक्यातील आमच्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य आहेत. सरपंच थेट जनतेतून निवडून आले आहेत. आम्ही सहा सदस्य त्यांच्यावर अविश्वास ठराव आणणार आहोत. आमच्याकडील २०१५ सालच्या पुस्तिकेप्रमाणे दोन तृतीयांश, म्हणजे सहा मते पुरतात. आमचे बरोबर आहे ना?

उत्तर : पुस्तिका जुनी झाली आहे. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. पाच वर्षांत कायदा इतक्या वेळा फिरल्यामुळे या विषयावरची कोणतीही पुस्तिका प्रकाशनाची तारीख पाहिल्याशिवाय उघडू नये. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धच्या ठरावाला कलम ३५ प्रमाणे सभेस बसण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांपैकी तीन चतुर्थांशांचा पाठिंबा लागतो. नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात. म्हणजे सात हवेत. सहा पुरत नाहीत. एकूण संख्या मोजताना सरपंच धरायचे की नाही, हे नोटीस देण्यापूर्वीच तहसीलदारांकडून लेखी घ्यावे, कारण एका मताच्या फरकाने ठराव बारगळतो आणि प्रकरण न्यायालयात जाते.

तीन चतुर्थांश मिळाले तरी काम संपत नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि गावकऱ्यांनी गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यावी लागते. शिवाय निवडणुकीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आणि मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत असा ठराव आणता येत नाही. आपल्या सरपंचांची निवड कधी झाली ते आपण पत्रात लिहिलेले नाही. ती तारीख आधी पाहावी.

प्रश्न : मी पाटण तालुक्यातील एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आम्ही राहतो ते घर माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी गायरानात बांधले. आता माझ्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज झाला आहे. अतिक्रमण मी केलेले नसल्यामुळे २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार धोका नाही, असे आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी सांगितले. घराची नोंद नमुना ८ ला आहे आणि आम्ही घरपट्टीही दरवर्षी भरतो.

उत्तर : ताई, या प्रश्नावर तो निकाल आपल्या उपयोगाचा राहिलेला नाही. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सदस्य राहण्यास अपात्र ठरते. ज्याने स्वतः अतिक्रमण केले तोच अपात्र, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये लावला होता हे खरे आहे. परंतु २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ योग्य नसल्याचे सांगितले. कुटुंबातील व्यक्तीने केलेल्या अतिक्रमणात राहून जो त्याचा उपभोग घेत राहतो, त्यालाही अपात्रता लागू होते, असे या दुसऱ्या निकालात म्हटले आहे. मोठ्या पीठाचा नंतरचा निकाल लहान पीठाच्या आधीच्या निकालावर भारी पडतो. जीआर अधिक्रमित होतो, तशीच गत निकालाचीही होते. म्हणून कोणी निकालाचा दाखला दिला, तर तो कोणत्या वर्षाचा, किती न्यायमूर्तींचा आणि त्यानंतर त्याचे काय झाले, हे अवश्य विचारावे.

नमुना ८ बद्दलचा समज तर गावोगाव आहे. ती कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा दाखला नव्हे. घरपट्टी भरल्याने अतिक्रमणाचे घर मालकीचे होत नाही. उलट कित्येक नोंदवह्यांत त्याच ओळीत शेऱ्याच्या रकान्यात 'सरकारी जागेतील अतिक्रमण' असे लिहिलेले असते आणि तक्रारदार नेमकी त्याच पानाची नक्कल अर्जाला जोडतो. आपण आपली नक्कल आजच काढून शेऱ्याचा रकाना पाहावा.

आपल्या बाजूने तपासण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, घर खरोखर गायरानाच्याच गटात येते का, हे सातबारा आणि मोजणीच्या नकाशावरून निश्चित करावे. गावठाणाची हद्द आणि गायरान यांच्या कडेला असलेल्या घरांच्या बाबतीत तोंडी माहिती पुष्कळदा चुकीची निघते. दुसरी, ते बांधकाम नियमानुकूल करण्याचा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश पूर्वी कधी झाला आहे का, ते तहसील कार्यालयात पाहावे. असा आदेश असेल तर तो जिल्हाधिकाऱ्यांपुढील पहिल्याच सुनावणीत दाखल करावा. अपात्रतेचा निर्णय कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी देतात आणि त्याविरुद्ध अपील पंधरा दिवसांत करावे लागते. ते कायद्याप्रमाणे शासनाकडे आणि व्यवहारात पुण्याच्या विभागीय आयुक्तालयात चालते. पंधरा दिवस फार लवकर सरतात, म्हणून प्रमाणित नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. वकीलही ग्रामपंचायतीच्या प्रकरणांचा सराव असलेलाच पाहावा. ओळखीच्या वकिलांचा अनादर करण्याचा हेतू नाही, पण दिवाणी दाव्यांत मुरलेल्या माणसाकडून या कलमात चूक होताना मी अनेकदा पाहिली आहे.

प्रश्न : मी जत तालुक्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे. एका ग्रामस्थाने माहितीच्या अधिकारात दहा वर्षांच्या सर्व कामांची बिले, व्हाउचर आणि ठराव मागितले आहेत. एकट्याने हे कसे करायचे? नकार देता येईल का?

उत्तर : सरसकट नकार देता येणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार ३० दिवसांत उत्तर द्यावेच लागते. न दिल्यास प्रथम अपिलात आपणच अडचणीत याल. मात्र महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. तेवढे आधी तपासावे. अर्ज त्यात बसत असेल आणि मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाचे मनुष्यबळ वाजवीपेक्षा जास्त अडकून पडत असेल, तर कलम ७(९) चा आधार घ्यावा. हे कलम माहिती नाकारण्यासाठी नाही, तिचे स्वरूप बदलण्यासाठी आहे. अर्जदाराला ठरावीक दिवस व वेळ कळवून दप्तर पाहण्यास बोलवावे आणि तो खूण करील त्या पानांच्या नकला द्याव्यात. बहुतेक अर्जदार तीन-चार फाइली चाळून हव्या त्या वीस-पंचवीस पानांवर येतात. पुढच्या वर्षापासून कामनिहाय खर्चाचा तक्ता कलम ४ प्रमाणे स्वतःहून फलकावर लावत गेलात, तर निम्मे अर्ज येणारच नाहीत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका नगरपरिषदेची नगरसेविका आहे. आमचा एक ठराव जिल्हाधिकाऱ्यांनी स्थगित केला. आपल्या सदरातील ग्रामपंचायतीची कलमे आम्हाला लागू होतात का?

उत्तर : नाही. आपल्याला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे आणि स्थगितीचा अधिकार त्यातील कलम ३०८ मध्ये आहे. आपल्याच जिल्ह्यातील सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा कायदा आणखी वेगळा आहे, त्यामुळे तिथल्या नगरसेवकांचा सल्लाही जसाच्या तसा घेऊ नये. स्थगितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मुख्याधिकाऱ्यांकडून घ्यावी. ठराव बेकायदेशीर, लोकांना उपद्रव देणारा की शांतता भंग करणारा, यांपैकी कोणते कारण त्यात लिहिले आहे, त्यावर पुढचा खुलासा कसा करायचा ते ठरेल. प्रत पाठवल्यास पुढील अंकात सविस्तर लिहितो.