नाकातील मांस पुन्हा वाढणार असेल, तर शस्त्रक्रिया कशासाठी?

प्रश्न : माझे वय ४२ आहे. तीन वर्षांपासून दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या असतात आणि आता फोडणीचा वासही येत नाही. सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया सुचवली आहे. माझ्या मेव्हण्यांची अशीच शस्त्रक्रिया झाली होती, पण चार वर्षांत मांस पुन्हा वाढले. मग हा खर्च आणि त्रास का सोसावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाक चोंदले की आपल्याकडे सरसकट ‘हाड वाढले’ म्हणतात, परंतु आपल्या वर्णनावरून हे पॉलिप, म्हणजे सायनसच्या (नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांच्या) सुजलेल्या अस्तराला फुटलेले कोंब असावेत. दुर्बिणीतून ते सोललेल्या द्राक्षासारखे फिकट आणि ओलसर दिसतात. नाशिककरांना ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको.

ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी सायनसमधील स्रावाच्या वाटांचा बारकाईने अभ्यास केला. गालातील सायनसचे नैसर्गिक तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते, आणि अस्तरावरील सूक्ष्म केस स्राव वर चढवत त्याच तोंडाकडे नेतात. जुन्या पद्धतीत निचरा व्हावा म्हणून तळाशी भोक पाडत, तरी स्राव त्या भोकाला वळसा घालून आपल्या ठरलेल्या वाटेनेच जाई. म्हणूनच आजची शस्त्रक्रिया मूळ तोंडे मोकळी करते. १९८५ मध्ये अमेरिकेतील डॉ. डेव्हिड केनेडी यांनी तिला ‘फंक्शनल’, म्हणजे सायनसचे नैसर्गिक कार्य जपणारी, हे विशेषण दिले.

मात्र वाट मोकळी झाली म्हणून अस्तराची सुजण्याची प्रवृत्ती जात नाही. बेल्जियममधील गेंट येथे शस्त्रक्रियेनंतर १२ वर्षांनी तपासलेल्या ३८ रुग्णांपैकी ३० जणांत पॉलिप पुन्हा आढळले, पण दुसरी शस्त्रक्रिया १४ जणांनाच करावी लागली होती, आणि एकंदरीत त्रास शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा कमीच होता. त्यामुळे मेव्हण्यांची शस्त्रक्रिया फसली असे मी लगेच म्हणणार नाही. त्यांनी नंतर स्टेरॉईडचा फवारा किती महिने चालू ठेवला, हे आधी विचारावे. बहुतेक जण नाक मोकळे वाटले की तो बंद करतात. खरे तर कोंबांनी बुजलेल्या नाकात औषध आत पोहोचतच नाही, ते पोहोचावे हा शस्त्रक्रियेचा अर्धा हेतू असतो.

आपण पुरेसे दिवस फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे दोन्ही नियमित करून पाहिले नसेल, तर तारीख ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी त्याबद्दल बोलावे. दमा असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीने धाप लागत असेल, तर तेही न विसरता सांगावे. अशा रुग्णांत पॉलिप परतण्याचे प्रमाण अधिक असते. डुपिलुमॅब हे इंजेक्शन या आजारासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. ते महाग आहे, आणि सर्वसाधारणपणे इतर उपाय थकल्यावर त्याचा विचार होतो.

फवारा मारताना मान किंचित खाली झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा, आणि टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाकडे वळवावे. नाक धुण्यासाठी पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच घ्यावे, थेट नळाचे नको.