टायमिंग जागेवर का राहत नाही?

प्रश्न : माझी जुनी चार सिलिंडरची पेट्रोल कार सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चालते. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर घातला आणि टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुस्तकाप्रमाणे १० अंशांवर (पिस्टन वर पोचण्याच्या तेवढं आधी) आणलं. गाडी झकास पळाली. ४०० किलोमीटर होतात न होतात तोच पिकअप गेला, चढावर इंजिन तापायला लागलं. लाइट लावला तर टायमिंग ४ अंशांवर! डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) फिरवून परत १० वर आणलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. क्लॅम्प घट्ट आहे. डिस्ट्रिब्युटरच बदलून टाकू का?

उत्तर : एवढ्यात नको. क्लॅम्प घट्ट असूनही टायमिंग मागे येतंय, म्हणजे हलतंय ते डिस्ट्रिब्युटरच्या पोटात. कॅप काढा, पॉइंटची टाच कॅमच्या (मधल्या दांड्यावरच्या कोनदार भागाच्या) उंचवट्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा आणि पॉइंटमधली फट फीलर गेजने (पातळ मापपट्टीने) मोजा. पुस्तकात ०.४ मि.मी. दिली असेल, तर तुमची त्याहून कमी भरेल. पैज लावायला तयार आहे.

पॉइंटच्या हलत्या पट्टीला फायबरची टाच असते, ती सतत कॅमवर घासते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात. आणि ठिणगी पडते ती पॉइंट उघडतानाच. झालं टायमिंग रिटार्ड, म्हणजे मागे! नवी टाच सुरुवातीला थोडी बसतेच, पण ६ अंश म्हणजे फार झालं. कॅमवरून बोट फिरवा. ओशट लागायला हवं. कोरडा किंवा खरखरीत लागला, तर तोच टाच खातोय. पुसून तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, जास्त नाही. उडून पॉइंटवर गेलं तर मिसफायर (ठिणगी चुकणं) घेऊन बसाल.

आता जपायची गोष्ट. फट कमी झाल्याची भरपाई तुम्ही डिस्ट्रिब्युटर फिरवून केली आहे. फट ०.४ केलीत की टायमिंग आपोआप पुढे जाईल आणि तसंच चालवलंत तर नॉकिंग (इंजिनात टकटक) होईल, स्टार्टरला उलटा झटकाही बसेल. उमेदवारीच्या काळात मीही टायमिंग आधी लावलं आणि मग फट 'जराशी' वाढवली होती. ट्रायलला पहिल्याच चढावर टकटक सुरू झाली आणि शेजारी बसलेल्या उस्तादांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आधी फट, मग टायमिंग. इंजिन गरम असू द्या, आणि पुस्तकात सांगितलं असेल तर डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा.

कॅप काढलीच आहे, तर रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. झटकन मागे यायला हवा. तिथेच रेंगाळला तर वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी खालची वजनं जाम आहेत.

मात्र लाइटमध्ये पुलीवरची खूण एका जागी न थांबता नाचत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा हाताने आडवा हलवून पाहा. खेळ लागला तर दांड्याला धरणारं बुश गेलंय. मग डिस्ट्रिब्युटर उतरवावाच लागेल.