माल उत्तम असताना छोट्या व्यावसायिकाने मार्केटिंगवर खर्च करावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूरजवळ आपण घरगुती कांदा-लसूण मसाला तयार करता, खाणारे कौतुक करतात, तरीही विक्री नातेवाईक आणि ओळखीच्या मंडळींपलीकडे जात नाही, आणि माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपोआप येते, असे घरातील वडीलधारे म्हणत असल्याने मार्केटिंगवर पैसे घालावेत की नाही, याबद्दल आपला निर्णय होत नाही. माझा व्यवसाय अशाच छोट्या खाद्य-उद्योजकांची पाकिटे आणि लेबले छापून देण्याचा आहे. त्यामुळे पहिली छपाई करून घेणारे किती उत्साहाने येतात आणि दुसऱ्या छपाईसाठी त्यांपैकी कोण परत येतात, हे मला रोज पाहायला मिळते. जे परत येत नाहीत, त्यांच्यातील बहुतेकांचा माल वाईट नसतो.

चांगल्या मालाला गिऱ्हाईक आपोआप मिळते हे विधान अर्धेच खरे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो लाकडी नांगरापेक्षा सरस होता. परंतु लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ विकलेच गेले नाहीत. नांगराचा गुण नांगरट केल्यावर कळणार होता आणि नांगरट करण्यासाठी तो आधी विकत घ्यावा लागणार होता. पुढे 1920 मध्ये त्याच घराण्यातील शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले, ज्याचे नंतर एका मोठ्या वाङ्मयीन मासिकात रूपांतर झाले. मासिक काढणे आपल्याला शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही, पण अडचण तीच आहे. बंद पाकिटातील मसाल्याची चव अनोळखी माणसाला बाहेरून कळत नाही.

म्हणून पहिला विचार आपले गिऱ्हाईक नेमके कोण, याचा करावा. कोल्हापूर-सांगलीच्या घराघरांत उन्हाळ्यात मिरच्या आणून, त्या वाळवून, डंकावर कुटून वर्षाची चटणी भरून ठेवली जाते. तिथे आपण कितीही जाहिरात केली तरी समोरच्या बाईला तिच्या घरचीच चटणी सरस वाटणार, आणि तिचे ते बरोबरही आहे. आपला खरा ग्राहक नोकरीसाठी पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूत राहणारा, त्याच चवीवर वाढलेला, परंतु मिरच्या वाळवायला गच्ची नसलेला माणूस आहे. हे एकदा ठरले की पाकिटाचा आकार, विक्रीची जागा आणि पाकिटावरचा मजकूर हे प्रश्न बरेच सोपे होतात. माझ्या दृष्टीने मार्केटिंगचा सर्वांत महत्त्वाचा आणि बिनखर्चाचा भाग हाच आहे.

आता मजकुराविषयी. माझ्याकडे येणाऱ्या मसाल्याच्या जवळजवळ प्रत्येक लेबलावर ‘अस्सल’, ‘घरगुती’ आणि ‘आईच्या हातची चव’ हे शब्द असतात. सगळ्यांनीच ते छापल्यावर त्यांना काहीही अर्थ उरत नाही. (छापणारा म्हणून मी तक्रार करू नये हे खरे.) त्याऐवजी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचे प्रमाण काय आहे, तिखटपणा किती आहे, मसाल्यात मीठ आधीच घातलेले आहे का, चार माणसांच्या मटकीच्या उसळीला किती चमचे पुरतात, हे स्पष्ट लिहावे. मीठ घातलेले आहे हे ठाऊक नसल्याने पहिलीच भाजी खारट झाली, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि का येत नाही हेही आपल्याला सांगत नाही.

कायद्यानुसार आवेष्टित मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावाच लागतो, तसेच खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांकही लागतो. बहुतेक जण संपर्काचा फोन क्रमांक नाइलाजाने, दिसेल न दिसेल इतक्या बारीक अक्षरांत छापून घेतात. वास्तविक मसाला संपत आल्यावर तेच पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात असते. म्हणून तो क्रमांक मोठा छापावा आणि त्याशेजारी ‘पुन्हा मागवण्यासाठी व्हॉट्सॲप करा’ असे लिहावे. एक बारकावा असा की, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला असतो त्यांनाच मिळतो. त्यामुळे प्रदर्शनात पाकीट हातात देतानाच समोरच्याला क्रमांक जतन करायची विनंती करावी, आणि नंतर रोज ‘शुभ सकाळ’ पाठवून तो पुसून टाकायची वेळ त्याच्यावर आणू नये. नवा मसाला कुटला गेल्याची किंवा दिवाळीच्या मागणीची मुदत कळवणारी चार ओळींची सूचना वर्षातून मोजक्या वेळा गेली तरी पुरते.

खर्चाचा हिशेब उदाहरणाने मांडतो. समजा, पाकिटामागे आपल्याला 40 रुपये सुटतात आणि पुण्यातील एखाद्या प्रदर्शनात गाळ्याचे भाडे 6,000 रुपये आहे. केवळ भाडे भरून काढायला 150 पाकिटे विकावी लागतील, आणि तेवढी विक्री न झाल्यास प्रदर्शन तोट्यात गेले असे आपण म्हणू. पण तिथे भेटलेल्यांपैकी 30 जणांनी वर्षभरात आणखी 5 वेळा एकेक पाकीट मागवले, तर त्या 150 पाकिटांतूनच भाडे वसूल होते आणि गाळ्यावरची विक्री वर उरते. मात्र पुण्याला एकच पाकीट कुरिअरने पाठवण्याचा खर्च नफा गिळून टाकतो, त्यामुळे किमान एक किलोची मागणी किंवा सोसायटीतील चार घरांची एकत्रित मागणी घेण्याचा नियम सुरुवातीपासूनच ठेवावा.

सोशल मीडिया सांभाळण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम मागणाऱ्या एजन्सीला आत्ताच होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हजारो फॉलोअर मिळाले, तरी त्यांतील किती जणांपर्यंत आपण माल पोहोचवू शकतो, हा प्रश्न शिल्लकच राहतो. गूगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. ती करावी आणि समाधानी ग्राहकांना तिथे अभिप्राय लिहायला सांगावे. पहिल्या वर्षी पैसे खर्च करायचेच असतील, तर ते चवीपुरत्या छोट्या पुड्यांवर करावेत. लेबलाची पहिली छपाईही थोडीच करून घ्यावी, कारण ग्राहकांचे प्रश्न ऐकल्यावर त्यावरील मजकूर बदलावा लागतो.