छोट्या शिडाच्या होडीसाठी शेगडी निवडताना

बडोद्यातील घराच्या ओट्यावर गॅस जितका निर्धोक वाटतो, तितका तो होडीवर राहत नाही, हे आपण शेगडी विकत घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. घरात गळालेला गॅस उघड्या दारातून निघून जाऊ शकतो, पण होडीचा तळ भांड्यासारखा बंद असल्यामुळे तो तिथेच साचतो आणि एखाद्या स्विचची ठिणगीही त्याला पुरते. सिलिंडर न्यायचाच असेल, तर तळातून थेट होडीबाहेर निचरा होणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावा.

सहा-सात मीटरच्या होडीसाठी मी बिनदाबाची स्पिरिटची शेगडी सुचवेन. तिची आच मंद, चहाला वेळ लागतो. उन्हात मात्र तिची ज्योत जवळजवळ दिसत नाही; ती विझली असे समजून मी एकदा गरम शेगडीत स्पिरिट ओतले आणि मनगटावरचे केस गमावले. शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच भरावी. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह आजीच्या दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरात ठीक होता. बर्नर नीट तापला नाही तर तो भडकतो.

शेगडी झुलत्या चौकटीत बसवावी, भांडे धरून ठेवणारे चिमटे घ्यावेत, आणि रांधताना केबिनचे झाकण उघडे ठेवावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अग्निशामक शेगडीच्या मागे नव्हे, तर केबिनच्या दाराशी टांगावा. आगीवरून हात घालून तो काढता येत नाही.