2021 ची हरकत नव्या आराखड्याला चालत नाही

प्रश्न : मुळशी तालुक्यातल्या आमच्या पाच गावांनी 2021 मध्ये पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) प्रारूप, म्हणजे कच्च्या, विकास आराखड्यावर मिळून एकच हरकत दिली होती. माझ्या जमिनीच्या गटातून रस्ता दाखवला होता. सुनावणीला सरपंच गेले होते, पोच त्यांच्याकडेच असेल. आता तो आराखडा रद्द झाला. नव्या आराखड्यात आमची तीच हरकत धरतील ना?

उत्तर : नाही, धरणार नाहीत. हवेली, मावळ, खेडमधूनही मला हेच विचारलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. हरकत एका विशिष्ट प्रारूपावर असते. शासनाने 2025 मध्ये ते प्रारूपच रद्द केलं, तेव्हा त्यावरच्या साठ हजारांहून जास्त हरकतीही त्याच्याबरोबर संपल्या. नवं प्रारूप आलं की सगळं पहिल्यापासून.

तुमचं सगळं अवलंबून आहे ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 वर. राजपत्रात सूचना आली की हरकतीसाठी 30 दिवस. तुम्हाला कधी कळलं, याला महत्त्व नाही. तलाठ्याने सांगितलं नाही, ग्रामपंचायतीत नकाशा लागला नाही, ही कारणं पुढे कोणी ऐकत नाही. मागच्या वेळी मुदतवाढ मिळाली होती. यावेळी मिळेलच असं धरून बसू नका. कलम 28 खालची सुनावणी हरकत देणाऱ्यांची असते. उच्च न्यायालयात गेलात तरी पहिला प्रश्न येणार, "मुदतीत हरकत दिली होती का?" आणि तिथे तारखांवर तारखा पडत असताना जमिनीवर रस्त्याची आखणी पुढे सरकत राहते.

पोच 'सरपंचांकडेच असेल' हे वाचून मला राग आला. तुमच्या जमिनीचा कागद तुमच्याकडे नको? शिवाय पाच गावांची एक हरकत हीच मोठी चूक होती. एका गावाला गावठाणाची हद्द वाढवून हवी असते, दुसऱ्याची जमीन डोंगरउतारावर, तिसऱ्याची नदीच्या पूररेषेत, चौथ्याच्या शेजारी टाउनशिप उभी राहते आणि पाचव्याच्या ओढ्यात तिचं पाणी येतं. सगळ्यांचं एका पानात कोंबलं की हरकती ऐकणाऱ्या समितीला कुणाचंच काही धड कळत नाही. एकी ग्रामसभेच्या ठरावात दाखवा. हरकत मात्र प्रत्येक खातेदाराने स्वतःची द्यावी : गट क्रमांक, चालू सातबारा, मोजणीचा नकाशा, रस्ता नेमका कुठून जातो आणि त्याला पर्यायी आखणी कोणती. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. सुनावणीला स्वतः जा.

तोवर 1997 मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेत तुमचा गट कोणत्या विभागात आहे, याचा झोन दाखला काढून ठेवा. रस्त्याची रुंदी कमी होईल की आखणी बदलेल, हे कागद न पाहता मी सांगणार नाही. मोबदल्याबद्दल तर आत्ताच बोलणं घाईचं ठरेल.

आणखी एक. शासनाने मंजुरीच्या वेळी मोठे फेरबदल केले, तर कलम 31 नुसार तेवढ्या फेरबदलांपुरती पुन्हा हरकतीची सूचना निघते. पहिल्या सुनावणीनंतर गावं निवांत होतात आणि ही दुसरी मुदत हातची जाते. दर आठवड्याला राजपत्र आणि पीएमआरडीएचं संकेतस्थळ पाहायची जबाबदारी गावातल्या एका शिकलेल्या मुलावर आजच सोपवा.